बाबाचा पाय अन् वाशीमची सुई

३ जानेवारी, शनिवार

गोळा हातातून सुटलाच नाही आज! मानेपाशी धरला, वळली, अन् जोर लावणार तेवढ्यात उजव्या खांद्यामागं असं चमकलं की गोळा धप्पकन पायापाशी. अंगठा वाचला. माही मैत्रीण वैष्णवी खदाखदा हसली, मग माह्या तोंडाकडं पाहून धावत आली.

गुलाबसिंग सर तिकडून ओरडले — "संस्कृती, झोपली काय उभ्या उभ्या!" सर मिलिटरीतून रिटायर झालेले, आता शेलूबाजारले आम्हा भरतीवाल्या पोट्ट्यायले पळवतात. त्यायच्या हिशेबानं दुखणं म्हणजे बहाणा. मी म्हटलं, सर, चमक भरली. तं म्हणे, "पायाळूची पोरगी अन् तुले चमक भरते?" सारं मैदान हसलं. मी पण हसली. डोळ्यात पाणी होतं तरी दात काढले!

हे काही आजचं नाही. दिवाळीपासून आहे. पाठीचा कणा अन् उजवा खांदा, त्याच्या मधात एक गाठ हाताले लागते. बोराएवढी. दाबली की कळ मानेतून थेट कानामागं चढते. कोणाले सांगितलं नव्हतं.

पोलीस भरतीचं ग्राउंड फेब्रुवारीत आहे. पळण्याची मले चिंता नाही, शंभर मीटर अन् आठशे मीटर दोन्ही निघतात. पण मागच्या भरतीत मी गोळ्यातच मागं पडली अन् थोडक्यात राहिली. ह्या वेळेस बाबानं मामाले थांबवून ठेवलं आहे — स्थळं आणू नका म्हणे, पोरीले अजून एक डाव पाहू द्या. एकच डाव. नाही निघालं तं मामा आणतीन ते पाहायचं, हे मीच माह्या तोंडानं कबूल केलं आहे. अन् आता हात खांद्याच्या वर जाऊन नाही राह्यला. काय करू?

४ जानेवारी

डायरी नवी आहे, हिले काही माहीत नाही, म्हणून लिहून ठेवलेलं बरं.

माहे बाबा पायाळू आहेत. म्हणजे जन्मताना डोकं आधी न येता पाय आधी आले. अशा माणसानं पाठीले पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडं मानतात. गावात दुसरं पायाळू कोणी नाही. म्हणून आजूबाजूच्या गावची पण माणसं येतात, वाकडीतिकडी, कमरेवर हात ठेवून — "भागवत हाय का घरी?" सकाळी चहाच्या आधी माणूस उंबरठ्यावर पालथा होते, अन् बाबा अनवाणी पायानं तीन वेळा पाय लावतात. मधात बोलायचं नाही. कोणाकडून काही घ्यायचं नाही, अन् कोणाले परत पाठवायचं नाही. मग बाबा चहा पितात अन् जीप काढतात, शेलूबाजार ते वाशीम. आजी होती तवर तीच उंबरठ्यावर सतरंजी टाकायची. मागच्या उन्हाळ्यात गेली आजी. आता माय टाकते.

आज माह्याआधी पंजाबराव काका होते. कुथत झोपले अन् ताडकन उठले! "पाय नोहे हा, औषध हाय औषध!" असं बोलत बोलतच फाटकाबाहेर गेले.

मग मी. बाबा म्हणाले, "तुले कवापासून?" मी म्हटलं, कालपासून. बाबाची टाच खरबरीत आहे, पण पाय इतका हळू ठेवला की मले रडूच आलं. लहानपणी ताप आला की कपाळावर हात ठेवायचे, तसाच. दुपारपर्यंत बरं वाटलं. खरंच वाटलं. चार वाजता मैदानावर गोळा उचलला अन् पुन्हा तीच कळ.

७ जानेवारी

आज पण पाय लावला. बाबा विचारतात, "कमी हाय?" मी म्हणते, भल्लं कमी आहे! खोटारडी कुठली.

९ जानेवारी

आज काय काय केलं ते लिहून राह्यली, म्हणजे पुढं वाचून हसू येईन.

वैष्णवीनं लाटणं आणलं घरून. मले तिच्या ओसरीत पालथं पाडलं अन् पोळी लाटतात तसं पाठीवर लाटलं. "गाठ फोडतोच मी आज!" म्हणे. गाठ काही फुटली नाही, दोन जागी काळंनिळं मात्र झालं. लसूण घालून तेल. गरम विटकर फडक्यात गुंडाळून. शेजारच्या रुपाबाई काकू तं बिब्बाच घेऊन आल्या — "एक ठिपका लावतो पोरी, दुखणं कसं पळते पाहाय." माह्या अंगावर काटा! बिब्ब्यानं कातडी उतते, डाग राहते. उद्या भरतीच्या मेडिकलले विचारलं हे काय, तं काय सांगू?

वैष्णवी म्हणे, दवाखान्यात जाय. म्हणायले काय जाते! एक तं सरांच्या अकॅडमीतल्या पोरायनं सांगून ठेवलं आहे की ग्राउंडच्या आधी कोणतंही इंजेक्शन घेतलं तं रक्तात सापडते अन् बाहेर काढतात, जन्मभरासाठी. दुसरं म्हणजे बाबा. पायाळूची पोरगी उसणेसाठी वाशीमच्या दवाखान्यात बसलेली कोणी पाहिली, तं सांजच्याले साऱ्या गावात होईन. मग उद्यापासून उंबरठ्यावर कोण झोपन? बाबा काही बोलणार नाहीत. ते बोलत नाहीत हीच तं पंचाईत आहे.

११ जानेवारी, रविवार

सकाळी वेणी घालायले हात मागं गेला नाही. फणी हातातच राहिली. मायनं पाहिलं. काही न बोलता फणी घेतली अन् माही वेणी घालून दिली, शाळेत घालायची तशी घट्ट. मग गाठीवर अंगठा ठेवला. मी "आई गं!" करून उडालीच.

माय म्हणे, "उद्या वाशीमले जाऊ. हाडाच्या डॉक्टर मॅडम हायेत, चांगल्या हायेत म्हणतात."

मी म्हटलं, अन् बाबा?

"त्यायले कायले सांगायचं? बाजाराले गेलो म्हणून सांगीन."

"अन् इंजेक्शन दिलं तं?"

"दिलं तं दिलं. विचारून घेऊ ना त्यायलेच. तोंड नाही काय आपल्याले?"

माह्या मायनं जन्मात बाबापासून काही लपवलं असंन असं वाटत नाही. तीळगुळाचा डबासुद्धा दाखवून मगच फळीवर ठेवते. अन् आज माह्यासाठी खोटं बोलायले तयार झाली. मी तिच्या गळ्यात पडली तं म्हणे, "सर तिकडं, भाकर करपते."

१२ जानेवारी, सोमवार

आजचं नीट लिहायचं आहे.

एसटीनं गेलो. जीपनं जायची सोयच नाही, त्या रस्त्यावरच्या साऱ्या जीपवाल्यायले आम्ही माहीत! अर्ध्या रस्त्यात मागून हॉर्न — अन् पाहते तं बाबाचीच जीप, मागं दोघं लटकलेले, आमच्या एसटीले ओलांडून चाललेली! मायनं माह्या डोक्यावर हात ठेवून मले सीटखाली दाबलं अन् स्वतः पदर तोंडावर घेतला. कंडक्टर म्हणे, "मावशी, तिकीट तं काढलं ना तुमी?" मले इतकं हसू आलं की खांदा दुखला.

दवाखान्यात गर्दी. नंबर यायले दुपार झाली. मॅडम तरुणच आहेत, केस कापलेले, आवाज बारीक. आधी एक्स-रे काढायले लावला. हाडं चांगली म्हणाल्या. मग माह्या मागं उभ्या राहिल्या अन् बोटानं चाचपत आल्या, चाचपत आल्या, अन् बरोबर त्या गाठीवर थांबल्या. मी ओरडली.

"हीच ना? दाबलं की कळ कानामागे जाते?"

मी म्हटलं, मॅडम, तुमाले कसं मालूम!

हसल्या. म्हणाल्या, स्नायूचा एक धागा आखडून बसलाय, तो सुटायला तयार नाही. एकच काम रोज रोज केलं की होतं असं, शिवणकामवाल्यांना होतं, फवारणी करणाऱ्यांना होतं, ड्रायव्हरांना तर फारच. मग विचारलं, "काय काम करता तुम्ही?" गोळाफेक म्हटलं तं मॅडमनं टेबलावरची पाण्याची बाटली हातात दिली. फेकून दाखवा म्हणाल्या — म्हणजे फेकू नका, नुसतं उभं राहून दाखवा. मी राहिली. "मान एवढी का दाबता त्याच्यावर?" मोबाईलवर एका व्हिडिओत पाहिलं होतं मी. तेव्हापासून गोळा मानेत गच्च दाबून धरते, जसा कोणी हिसकून नेणार आहे!

मग इंजेक्शनचं निघालं. मी सरळ विचारलं, मॅडम, हे रक्तात सापडते काय? मले ग्राउंडवरून काढतीन काय? मॅडम हसल्या नाहीत, हे मी विसरणार नाही. खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, पोरं घेतात ती ताकदीची इंजेक्शनं वेगळी, ती घेतली तर काढायलाच पाहिजे. यात फक्त ती जागा सुन्न करायचं थोडंसं औषध आहे. खरं काम सुई करते. "कुणी विचारलं तर माझा नंबर द्या, मी बोलते त्यांच्याशी." माही छाती एकदम मोकळी झाली.

मले पालथं झोपवलं. मायनं माहा हात धरला अन् डोळे मिटून देवीचं नाव घेत बसली. जसं सुई तिलेच टोचणार होती! मॅडम म्हणाल्या, "श्वास हळू घ्या, अजिबात हलू नका, खाली फुप्फुस आहे." मी दगड झाली. सुई आत गेली, ती काही एवढी नाही दुखली. मग मॅडमनं ती जराशी हलवली — अन् गाठ फडफडली! माह्याच पाठीत माह्याच मांसानं उडी मारली, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखी. कळ डोक्यात गेली, डोळ्यापुढं अंधारी.

"सापडली," मॅडम म्हणाल्या.

अन् मग हळूहळू काहीतरी सुटत गेलं. कोणीतरी बोटं आत घालून गाठ उकलावी तसं. मी रडून राह्यली होती, पण दुखते म्हणून नाही. किती महिन्यांनी तिथं काही दुखत नव्हतं!

उठून बसली. हात वर केला. गेला! बाहेरच्या बाकावर माय म्हणे, "अजून वर कर. अजून. दोन्ही कर." मी दोन्ही हात वर करून उभी, अन् बसलेले पेशंट पाहून राह्यले. एक म्हातारे बाबा म्हणे, "काय झालं, पास झाली काय?"

मॅडमनं बजावलं आहे — दोन दिवस ठणकन, शेक द्यायचा, आठवडाभर गोळ्याले हात लावायचा नाही, व्यायाम सांगितले ते सकाळ-संध्याकाळ करायचे. नुसत्या सुईनं होत नाही, व्यायाम सोडला तर गाठ परत येईल, म्हणाल्या. पुन्हा दहा दिवसांनी बोलावलं. निघताना मी हळूच सांगितलं की बाबा पायाळू आहेत, रोज पाय लावतात, चालन काय? मले वाटलं आता तं हसतीलच. नाही हसल्या. "लावू द्या की. जोर नको, हलकाच. वडिलांचा पाय आहे."

मॅडम, तुमचं भलं होवो. इथं लिहून ठेवलं.

१३ जानेवारी

ठणका! जणू बैलानं लाथ मारली. पण मॅडम म्हणाल्याच होत्या, म्हणून भेव नाही वाटलं.

गंमत सांगायची राहिली. पाठीवर कापसाची पट्टी आहे, अन् सकाळी बाबानं हाक मारली — "ये, पाय लावतो." नाही म्हटलं तं विचारतीन काहून नाही, म्हणून गेली अन् उंबरठ्यावर झोपली, जीव मुठीत धरून. कापडातून पट्टी लागली पायाले तं संपलं! पण बाबाचा पाय बरोबर पट्टीच्या बाजूले पडला. तिन्ही वेळा बाजूले. देवच पावला.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ घेऊन गुलाबसिंग सरांकडं गेली अन् खरं सांगून टाकलं. आठवडाभर गोळा बंद, असं असं आहे. मले वाटलं आता बोलतीन. सरांनी तीळगूळ तोंडात टाकला. मग पँट वर करून गुडघा दाखवला. "मी पण घेतलेल्या हायेत सुया. नोकरीत असताना. साथीदारायले सांगितलं नव्हतं, लाज वाटायची." मग आवाज चढवून — "पण पळणं बंद नाही! पायाले काय झालं तुह्या?"

हे सर! यायले मी तीन महिने शिव्या घातल्या मनात.

१७ जानेवारी

उजव्या कुशीवर झोपली. सकाळी उठल्यावर लक्षात आलं.

१९ जानेवारी

तारीख आली! १२ फेब्रुवारी. वैष्णवीची १० ले आहे.

मायनं दिवस न मोजता आधी देवापुढं साखर ठेवली. बाबा जीप घेऊन आले तं अंगणातूनच ओरडून सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं झालं," अन् हातपाय धुवायले गेले. पण जेवताना मायले म्हणे, "त्या दिवशी गाडी लावत नाही. मी नेतो तिले." एवढंच. मी त्यायच्या ताटात अजून एक भाकर वाढली.

आज पुन्हा गोळा धरला, हलकेच. सरांनी मान सरळ करायले लावली. गोळा हनुवटीखाली फक्त टेकवायचा, दाबायचा नाही. सवय मोडता मोडत नाही. लय चिडचिड झाली. वैष्णवीवर उगीच खेकसली, मग तिले बोरं दिली.

२२ जानेवारी

दुसरी सुई झाली. ह्या वेळेस बाबाले सांगितलं, मायच्या चष्म्यासाठी जाऊन राह्यलो. माय चष्मा लावतच नाही! बाबानं फक्त मान हलवली. किती साधा माणूस आहे. मनात कसंतरीच झालं.

गाठ लहान झाली आहे. सुई टोचली तं फडफडली, पण पहिल्यासारखी नाही, जराशी. मॅडम म्हणाल्या, "आता बहुतेक तिसऱ्यांदा लागणार नाही. व्यायाम करताय हे पाठच सांगतेय." शाबासकीच म्हणायची ही. मी सकाळी दाराच्या चौकटीले हात लावून छाती पुढं काढते तेव्हा रुपाबाई काकू रोज विचारतात, "पोरीले वारं लागलं काय वो?"

२६ जानेवारी

शाळेत झेंडा झाला, मग मैदानावर. सहा मीटरची रेघ आहे, तिच्यापुढं पडला तं पूर्ण मार्क. आज रेघेवर धूळ उडाली! रेघेच्या पुढं नाही, रेघेवर. वैष्णवी म्हणे पुढं. सर म्हणे अलीकडं. मी म्हणते रेघेवर.

३ फेब्रुवारी

माह्यासारखी मूर्ख मीच. तूर काढली घरची, पोती जीपमध्ये टाकत होते बाबा, मी मधात घुसली — "मी घेतो, मले भरतीची ताकद आहे!" दुसऱ्याच पोत्याले मागं तीच जुनी चमक. पोतं सोडलं अन् खाली बसली. नऊ दिवस राहिले!

बाबा धावत आले. इतक्या जोरात धावताना मी त्यायले कधी पाहिलं नाही. मले वाटलं आता म्हणतीन, चाल उंबरठ्यावर. पण म्हणाले, "ते हाताचे व्यायाम करतं ना तू दारापाशी, ते कर आधी. अन् शेक घे." मग पोती एकट्यानंच टाकली.

मायनं मॅडमले फोन लावला. मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, दोन दिवस आराम, व्यायाम हळू, नाही उतरलं तर या.

५ फेब्रुवारी

उतरलं! सुईशिवाय उतरलं! आई गं, किती बरं वाटून राह्यलं. कोणाचे कोणाचे पाय धरू? मॅडमचे, मायचे, सरांचे, वैष्णवीच्या लाटण्याचे पण!

१० फेब्रुवारी

वैष्णवीचं ग्राउंड झालं. आठशेमध्ये चांगली निघाली, गोळ्यात कमी. फोनवर रडली, मग म्हणे, "तू माह्या वाटचा पण फेक."

११ फेब्रुवारी

बॅग भरली. बूट, कागदपत्रं, केळी. माय तीनदा उघडून पाहते. बाबानं जीप धुतली, मागच्या सीटवर चादर टाकली. पोटात गोळा आला आहे, तोच उद्या फेकून देतो!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अंधारातच निघालो. जीपमध्ये मी अन् बाबाच. रस्त्यात माणसं हात दाखवत होती, बाबा थांबले नाहीत. वाशीम येईपर्यंत एकच वाक्य बोलले — "मान मोकळी ठेव."

छातीवर नंबर, पायाले चिप. शंभर मीटर, चांगलं गेलं. गोळा.

पहिला — पाय रेघेबाहेर. बाद! माहे कान गरम झाले. मागच्या वेळेस असंच झालं होतं अन् मग मी घाबरून दोन्ही घालवले होते. बाजूची पोरगी देवाचं नाव घेत होती. मी गाठीचं नाव घेतलं. मनातल्या मनात म्हटलं, तू आता गप राहाय, हात जोडते तुले.

दुसरा — पडला, पण अलीकडं. दुखलं मात्र नाही. काहीच दुखलं नाही. तेवढ्यानंच धीर आला.

तिसरा. गोळा हनुवटीखाली नुसता टेकवला. मान मोकळी. वळली, अन् हात असा सुटला, असा सुटला की मलेच कळलं नाही गोळा कुठं गेला. टेप लावणाऱ्या पोलीस ताई वाकल्या. सरळ झाल्या. "सहा मीटर, वर अठरा. पूर्ण."

मी तिथंच मटकन बसली! ताई म्हणे, "उठ उठ, आठशे राहिलं अजून!" आठशे तं मी उडतच गेली. सगळे मिळून पन्नासपैकी सत्तेचाळीस. मागच्या वेळेपेक्षा कितीतरी वर. लेखी राहिलीच आहे, पण लेखीले मी भीत नाही.

फाटकाबाहेर बाबा उभे होते. मी लांबूनच उजवा हात वर केला. पूर्ण वर. बाबानं टोपी काढली, डोळ्यावर धरली, पुन्हा घातली. येताना रस्त्यातल्या साऱ्या माणसायले फुकट बसवून घेतलं!

१३ फेब्रुवारी

सारं गाव घरी. पेढे, गुलाल. सर आले, मायच्या हातची शेव खाऊन गेले. सगळं चांगलं. मी साऱ्यायची ऋणी आहे.

पण पंजाबराव काकांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं — "हा भागवतच्या पायाचा गुण! रोज पाय लावत होता पोरीले, मी डोळ्यानं पाहिलं हाय!" अन् सगळे हो हो. रुपाबाई काकूंनी बाबाच्या पायाले गुलाल लावला. बाबा पाय मागं घेत होते, त्यायनं ओढून लावला. मी तोंडात पेढा घेऊन उभी. बोलायले तोंड उघडलं अन् मायनं माह्याकडं पाहिलं. मिटलं.

१४ फेब्रुवारी

सकाळी उंबरठ्यावर रांग. जऊळक्याची दोघं आली गाडी करून. एक बाई तिच्या पोराले घेऊन आली, त्याले पण भरतीले जायचं आहे. बाबा त्याले पाय लावून म्हणाले, "वाशीमच्या डॉक्टर मॅडमले पण दाखवून ये एक डाव." बाईनं ऐकलंच नाही, पायाची धूळ घेऊन गेली.

माह्यानं आता सहन होत नाही. मॅडमचं श्रेय बाबाले, अन् बाबाले काही मालूमच नाही! उद्या सांगते. रागावले तं रागावले.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सांगितलं. अंगणात, जीप धुत होते तेव्हा. सुई, वाशीम, मायचा चष्मा, सगळं.

बाबा म्हणाले, "मालूम हाय. तुह्या मायले मीच म्हटलं होतं, पोरीले मॅडमकडं ने."

मी म्हटलं, सारी दुनिया तुमच्या पायाले येते, अन् तुमालेच भरोसा नाही?

त्यायनं नळ बंद केला. "मी पायाळू नाई, संस्कृती. आमी जुळे होतो. पायाकडून माहा भाऊ आला होता. बारशाच्या आधीच गेला. मग कोणीतरी उसण घेऊन दारात आलं, पायाळू लेकरू कुठं हाय म्हणे. तुह्या आजीनं मले उचललं अन् माहा पाय त्याच्या पाठीले लावला. तो माणूस सरळ चालत गेला. हे तिनं मले मागच्या उन्हाळ्यात सांगितलं, जायच्या आधी."

ओलं फडकं हातातच होतं. म्हणाले, "ते लेकरू नाई राह्यलं, हे तवा तिच्या तोंडातून निघालंच नसंन."